आपल्या घरात पाहुणा कोणी नाही

सुमे,

काल तुझा वाढदिवस झाला. तू जाऊन सदतीस दिवस झाले आणि घरात पताका लागल्यात. कागदाच्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. एक टोक तुझ्या फोटोच्या खिळ्याला, दुसरं पडद्याच्या दांडीला. हेन्कने लावल्या. मी शिडी धरली.

आता तू म्हणशील, अहो, लोक काय म्हणतील. लोक म्हणालेच. पहिला आपला मिलिंद म्हणाला. सांगतो सगळं, घाई करू नकोस. तुला कायम घाई. जातानाही तेच केलंस, हॉस्पिटलात तीन दिवसांत आटोपलंस.

मंडळाच्या बाईंचा फोन आला होता. अंकासाठी काकूंवर लिहा म्हणाल्या. जन्म कुठला, शिक्षण किती, हॉलंडला कधी आल्या, स्वभाव कसा. मी म्हटलं, हे सगळं तिला ठाऊक आहे, तिलाच परत काय सांगू? मग म्हणाल्या, काका, मनाला येईल तसं लिहा. म्हणून बसलोय. सातवी शिकलेल्या वेल्डरचं लिखाण आहे, ऱ्हस्वदीर्घ त्या बाई बघून घेतील. मला तुझ्याशी बोलायचंय आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. नऊ वर्षं राहून गेली ती.

पहिल्यापासून सांगतो, कारण अंक वाचणाऱ्यांना हेन्क कोण ते माहीत नाही.

तू ज्या केंद्राच्या स्वयंपाकघरात कामाला होतीस तिथे दिवसभर मोठी माणसं यायची. वयाने मोठी, पण डोक्याची वाढ लहानपणीच कुठेतरी थांबलेली. मेणबत्त्या करायची, झाडांना पाणी घालायची, हॉटेलांच्या नॅपकिनच्या घड्या घालायची. मी त्यांना मतिमंद म्हणायचो. तू लगेच म्हणायचीस, "त्यांना नावं आहेत." हेन्क त्यातलाच एक. तेव्हा अडतीस वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच, लाल गालांचा. आईबरोबर राहायचा. ती आई वारली आणि त्याला वीस जणांच्या एका मोठ्या घरात ठेवलं. तिथे त्याने जेवण सोडलं. दिवसभर अंगात कोट घालून दाराशी बसायचा, कोणीतरी न्यायला येईल म्हणून.

एका रविवारी तू माझ्या पानात पोळी वाढलीस आणि म्हणालीस, "मिलिंदची खोली रिकामीच आहे."

"मिलिंदची आहे ती."

"मिलिंद ब्रेडाला राहतो. त्याला तिथे घर आहे, बायको आहे. खोलीत तुमची शिडी राहते."

"मग शिडी कुठे ठेवू?"

"तेवढंच अडलंय ना?"

असं तू मला नेहमी पकडायचीस. मी बरंच बोललो. आपण काय धर्मशाळा काढलीय का, सदुसष्टाव्या वर्षी हा परका बाप्या कोण सांभाळणार, त्याला काय होतंय ते आपल्याला कळणार कसं. तू सगळं ऐकून घेतलंस, ताक वाढलंस आणि म्हणालीस, "दोन महिने बघू."

मी म्हटलं, "दोन महिने. वर एक दिवस नाही."

इथे ही रीत आहे. अशा माणसाला एखादं कुटुंब आपल्या घरात ठेवून घेतं, संस्था वरून लक्ष ठेवते. पण असं कोणाच्याही घरी देत नाहीत. आधी घराची परीक्षा, मग घरच्यांची. संस्थेची इनेका आली. पिकलेले केस, सायकलवरून आलेली, भिजलेली. धूर झाला की ओरडणारी यंत्रं कुठे कुठे बसवायची ते तिने दाखवलं. आपले दाखले मागितले. मी चांगला माणूस आहे असं सरकारने लिहून दिल्याचा तेवढाच एक कागद आहे, तो तू निळ्या फायलीत जपून ठेवलास. सहा संध्याकाळी शिकायला बोलावलं. तू सहाही गेलीस, मी तीन. आणि मग ते प्रश्न.

"घरात राग आला की तुम्ही काय करता?"

तू काहीतरी गोड सांगायला लागलीस. मी म्हटलं, "ओरडतो." टेबलाखालून तू लाथ मारलीस.

इनेका म्हणाली, "आणि मग?"

"मग ती ओरडते. मग चहा."

तिने सगळं लिहून घेतलं. चहाबरोबर एक बिस्किट घेतलं. इथे एकच घेतात. तू चिवडा आणलास, लाडू आणलेस, शंकरपाळे आणलेस. "घ्या ना. अजून एक. माझ्यासाठी एक." शेवटी त्या बाईने बशीवर दोन्ही हात पालथे ठेवले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की पुढे काय घोटाळा होणार आहे.

हेन्क आला तो दोन बॅगा आणि काखेत एक कॅलेंडर घेऊन. आणि आपण काय केलं? पाहुणा आला म्हणून जे करायचं ते केलं. पहिलं ताट त्याला. पोळीवर तूप त्याला जास्त. "घे रे, अजून घे," आणि तो नको म्हणाला की अर्धी पोळी तरी. तो जेवून ताट उचलायला लागला की तू धावायचीस. "राहू दे, राहू दे, तू बस." पाहुण्याने ताट उचललं तर घरच्यांना लाज. आपल्याकडे लहानपणापासून हेच शिकलोय ना. तो टेबल पुसायला फडकं घ्यायचा, तू फडकं काढून घ्यायचीस. तो कांद्याकडे बघायचा, तू त्याला सोफ्यावर नेऊन बसवायचीस. मी पण तेच. त्याच्या बुटांना मी पॉलिश केलं होतं, तुला आठवतं?

एवढं प्रेम आणि तो दिवसेंदिवस वाळायला लागला. म्हणजे वजन वाढलं, पण माणूस वाळला. दारं आपटायचा. एकदा आपलमूसची वाटी भिंतीवर मारली. इथले लोक सफरचंद शिजवून त्याचा गोड लगदा करतात ना, तो. सात आठवड्यांनी तो परत कोट घालून आपल्या दाराशी बसायला लागला. तू पदराने डोळे पुसायचीस आणि त्याच्यासाठी अजून गोड करायचीस.

आता कबुली. सुमे, त्या आठवड्यात मी खाली सायकलींच्या खोलीत जाऊन इनेकाला फोन केला. म्हटलं, ह्याला घेऊन जा. तो दुःखी आहे, माझी बायको रडते, मला हे बघवत नाही. ती म्हणाली, जागा बघायला दोन आठवडे लागतील, तुमच्या बायकोला ठाऊक आहे का? मी म्हटलं, मी सांगतो तिला. सांगितलं नाही. रोज सांगणार होतो, रोज राहिलं.

मग तो बुधवार. तू केंद्रात गेली होतीस, हेन्कला सर्दी म्हणून घरी ठेवला होता. दुपारी आम्ही दोघंच जेवायला. तू डब्यात वरणभात ठेवून गेली होतीस. मी गरम केला, वाढला. तो कोट घालूनच जेवला. जेवून बसून राहिला. बघतोय माझ्याकडे. आणि सुमे, माझं डोकं फिरलं. सात आठवडे घरात पाहुणा. माणूस आपल्याच घरात किती दिवस चांगला वागणार? मी मराठीतच ओरडलो.

"बसलास काय जावयासारखा? ऊठ! ताट उचल! माझंही उचल!"

हाताने दाखवलं काय ते. तो बघत राहिला. मला वाटलं, आता वाटी भिंतीवर. तो उभा राहिला. कोट काढला. नीट खुंटीला लावला. मग दोन्ही ताटं उचलली, घासली, पुसली. कुठे ठेवायची म्हणून प्रत्येक कपाट उघडून बघितलं. डबे हुंगले. चमचे मोजले नाहीत पण रांगेत लावले. मग संध्याकाळच्या जेवणाचं टेबल मांडलं. दुपारचे दीड वाजले होते. तीन ताटं, तीन पेले, नॅपकिनची घडी अशी की हॉटेलवाल्याने बघत राहावं. आणि मला विचारतो, "उद्या पण मी?"

मी म्हटलं, "उद्या पण तूच. रोज तूच."

तो हसला, सुमे. सात आठवड्यांत पहिल्यांदा. घसा खाकरल्यासारखं मोठ्ठं हसू, शेजारी ऐकू जाईल असं.

तू आलीस, टेबल बघितलंस आणि माझ्यावरच चिडलीस. "पाहुण्याला कामाला लावलंत? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "पाहुणा कोण आहे इथे?"

मग तू हेन्कच्या हातात कांदा दिलास आणि सुरी.

आईकडे टेबल तोच मांडायचा, हे त्याने आपल्याला नंतर सांगितलं. आपण विचारलंच नव्हतं. पाहुण्याला कोण विचारतं, तू काय काम करतोस म्हणून? ज्याला काम सांगता येतं, ज्याच्यावर ओरडता येतं, तो घरचा. हे आपल्याला माहीत होतं. फक्त त्याला लागू करायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत सायकलींच्या खोलीत गेलो. इनेकाला म्हटलं, राहू दे त्याला. ती म्हणाली, काय बदललं? मी म्हटलं, भांडी चांगली घासतो. ती फोनवर हसत बसली. हे दोन्ही फोन मी तुला कधी सांगितले नाहीत. मला वाटलं, गेलं ते गेलं, कशाला उकरायचं.

मग पुढची नऊ वर्षं. काय सांगू आणि काय नको! वरणभातावर आपलमूस घालून खाणारा माणूस मी जगात एकच बघितलाय. पहिल्यांदा तू तोंड फिरवलंस. वर्षभराने तूच चोरून चाखताना सापडलीस. आपण आयुष्यभर रात्री नऊला जेवलो, ह्याने आपल्याला सहाला जेवायला लावलं. सहा म्हणजे सहा. पाच मिनिटं उशीर झाला की घड्याळ काढून आणून तुझ्या कणकेच्या परातीशेजारी ठेवायचा. मोदकांचं आठवतं? नॅपकिनच्या घड्या घालून त्याचा हात असा बसलेला की एकवीस मोदकांतले अठरा त्याचे आणि तीन तुझे, आणि तुझे लगेच ओळखू यायचे. मंडळात एक बाई म्हणाल्या, "किती सुबक! कोणी केले?" तू म्हणालीस, "आमच्या हेन्कने." "म्हणजे कामाला ठेवलाय का?" तू म्हणालीस, "छे. कामाला ठेवलेल्याचं ऐकावं लागत नाही. हा घरचा आहे."

आणि ते कॅलेंडर. इथे सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर संडासात टांगतात. बसल्या बसल्या नजरेस पडतं म्हणून. हेन्कला वाचता येत नाही, पण कोणतं नाव कुठल्या चौकटीत आहे ते पाठ. त्याने आईचं कॅलेंडर आपल्या संडासात टांगलं आणि आपली नावं लिहा म्हणाला. मी उसळलो. "माझ्या आईचं नाव संडासात लावणार?"

तू शांतपणे विचारलंस, "तुमच्या आईचा वाढदिवस कधी असतो?"

मला कुठे ठाऊक? आमच्याकडे कोणी लिहून ठेवलाय? तिलाही ठाऊक नव्हता. हेन्कला हे काही पटेना. वाढदिवस नसलेलं माणूस कसं असेल? त्याने विचार केला आणि मार्चमधल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. तिथे तू माझ्या आईचं नाव लिहिलंस. माझ्या आईला मेल्यावर तीस वर्षांनी वाढदिवस मिळाला, सुमे. दर मार्चमध्ये हेन्क माझ्याशी हात मिळवून म्हणतो, आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन. इथे ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, त्याच्या माणसांचंही अभिनंदन करतात. त्याच्या स्वतःच्या आईचं नावही तसंच आहे कॅलेंडरवर, खोडलेलं नाही. त्या दिवशी तो पताका लावतो, तू शिरा करतेस, आणि आपण दोघं त्याचं अभिनंदन करतो. मेलं म्हणून वाढदिवस कसा जाईल, असं त्याचं म्हणणं. मला आधी विचित्र वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

आपलं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून राहिलं. कोणी विचारलं की हेन्क तुमच्याकडे कसा, तू म्हणायचीस, "आमच्या ह्यांचीच इच्छा होती." सगळ्यांसमोर. मंडळात, दुकानात, ट्राममध्ये. मला राग यायचा. घरी येऊन म्हणायचो, "खोटं का बोलतेस? मी नको म्हणत होतो."

"खोटं नाही हो," तू म्हणायचीस. "जरा आधी बोलते, इतकंच."

ह्यावरून इतकी वर्षं भांडलो. तू जायच्या आठवडाभर आधीही भांडलो.

तू गेलीस त्या दिवशी हेन्कला मीच सांगितलं. मिलिंद म्हणत होता, बाबा, हळूहळू सांगू, आई गावाला गेलीय म्हणू. पण इनेकाने कधीच शिकवलं होतं, असल्या माणसांना आडून सांगायचं नाही, सरळ शब्द वापरायचा. सरळ शब्द वापरायला माझ्याइतका लायक माणूस ह्या घरात दुसरा नाही. मी म्हटलं, "हेन्क, सुमन मेली. आता येणार नाही."

त्याने विचारलं, "माझ्या आईसारखी?"

"हो."

तो टेबलापाशी गेला. तीन ताटं मांडलेली होती. तुझं ताट उचललं, छातीशी धरून कपाटापर्यंत नेलं, ठेवलं. परत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तेव्हा रडलो, सुमे. हॉस्पिटलात रडलो नव्हतो.

आणि दुसऱ्या दिवशी भूक लागली. तुला माझं ठाऊक आहे, पन्नास वर्षं मी चहाच्या पुढे गेलो नाही. शेजारपाजारचे डबे संपल्यावर मी कढईत तेल घातलं, त्यात हळद टाकली. काळी झाली. मोहरी टाकली, ती गप्प. हेन्क मागे उभा. "थांब," म्हणतो. मराठीत. तुझ्याकडून शिकलेला शब्द. त्याने कढई धुतली, पुसली, परत ठेवली. तेल. मग कान लावून उभा राहिला. मोहरी टाकली, तडतड ऐकली, बोट वर केलं, मग हिंग, मग हळद. नऊ वर्षं तुझ्या शेजारी उभं राहून त्याला तुझी फोडणी कानाने पाठ झालीय. दहाच्या पुढे मोजता येत नाही त्याला, पण भाताला पाणी किती, ते बोट बुडवून सांगतो. सदतीस दिवसांत मी वरण, भात, बटाट्याची भाजी शिकलो. पोळी अजून नाही. शिकवणारा कडक आहे. आणि तू गेल्यावर मला "अहो" म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, कारण तू मला तेच म्हणायचीस म्हणून तोही तेच म्हणतो.

मग पत्र आलं. करार तुझ्या नावावर, तू नाहीस, तर हेन्कने पुढे कुठे राहायचं ते ठरवायला इनेका येणार. मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, खरं सांगू का? तुम्ही ब्रेडाला आमच्याकडे या. हेन्कला ते चांगली जागा बघतील. तुमचं वय शहात्तर. तुम्हालाच सांभाळायला कोणीतरी पाहिजे."

मी म्हटलं, "आहे ना. हेन्क आहे."

"बाबा, चेष्टा नाही."

मी कुठे चेष्टा करत होतो? पण चार रात्री नीट झोपलो नाही. त्याला परत वीस जणांच्या घरात नेतील, तो परत कोट घालून दाराशी बसेल, आणि ह्या वेळी त्याला ऊठ म्हणणारं कोणी नसेल. आणि मी ब्रेडात सुनेच्या घरी सोफ्यावर बसेन, ताट उचलायला गेलो की ती म्हणेल, राहू द्या बाबा, तुम्ही बसा. मीही तिथे पाहुणाच. चांगली मुलगी आहे, पण म्हणणारच. तुझ्याच हाताखाली शिकलीय.

इनेकाने दिलेली तारीख नेमकी कालची निघाली. सकाळीच हेन्क पताकांची पेटी घेऊन आला. मी म्हटलं, हेन्क, ह्या वर्षी नको, आमच्यात वर्षभर सण करत नाहीत. तो म्हणाला, सण नाही, वाढदिवस आहे. मी शिडी काढली.

मिलिंद दारातून आत आला आणि थबकला. "बाबा! हे काय? आईला जाऊन दीड महिना नाही झाला नीट, आणि तुम्ही..." तेवढ्यात हेन्क गेला, त्याचा हात हातात घेतला, जोरात हलवला आणि म्हणाला, "मिलिंद, आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन."

मिलिंदचा चेहरा तू बघायला हवा होतास. तो हात सोडेना. मग संडासात गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो डोळे लाल करून. तिथे कॅलेंडरवर तुझ्या हाताने लिहिलेलं तुझं नाव आहे ना. बाहेर येऊन माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "शिरा केलाय का?"

केला होता. जरा करपला होता.

इनेका आली. तिचंही अभिनंदन झालं. ती तुझ्या फोटोसमोर उभी राहिली, पताका बघितल्या. बसली. पहिला प्रश्न हेन्कला. "हेन्क, तुला कुठे राहायचंय?"

"इथे."

"का?"

हेन्कने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला मोहरी कळत नाही."

इनेका हसली, पण लगेच कामाला लागली. कोण कपडे धुतं, औषध कोण देतं, मी पडलो तर काय, मी आजारी पडलो तर काय. बरोबर विचारलं तिने. मी खरं ते सांगितलं. मग म्हणाली, सुरुवातीपासूनचे अहवाल एकदा बघू. मिलिंदने कपाटातून आपली निळी फाईल काढली. दरवर्षी तो अहवाल पोस्टाने यायचा. मी वेल्डिंग करायचो त्या यार्डातलं डच मला बोलता येतं, एवढी पानं वाचता येत नाहीत. तू टेबलापाशी बसून ओळीवर बोट ठेवून मला मराठीत वाचून दाखवायचीस. मिलिंद पहिल्या वर्षाचा अहवाल मला तसाच वाचायला लागला आणि अडला.

"बाबा, इथे लिहिलंय, दुसऱ्या महिन्यात गृहस्थांनी फोन करून हेन्कला परत न्यायला सांगितलं. नंतर परत फोन करून राहू द्या म्हणाले." त्याने वर बघितलं. "तुम्ही फोन केला होता? आईला ठाऊक होतं?"

मी चष्मा शोधायला लागलो.

मग तो म्हणाला, "थांबा. शेजारी आईने काहीतरी लिहिलंय." आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

मी चष्मा लावला. डच ओळी, आणि कडेला पेन्सिलने, बारीक, तुझ्या अक्षरात. "हे गाळायचं."

सुमे. आठवलं मला. त्या वर्षी वाचता वाचता तू मध्येच थांबलीस आणि चष्मा पुसलास. मला वाटलं, दमलीस. मी म्हटलंही, राहू दे, उद्या वाच. तू म्हणालीस, नाही, झालंच. आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलंस. आधी एकटीने वाचून, खूण करून, मग माझ्यासमोर बसली होतीस तू. चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून स्वतःसाठी खूण. मी तुझ्यापासून लपवलं असं मला नऊ वर्षं वाटत होतं, आणि तू माझ्यापासून लपवत होतीस की तुला ठाऊक आहे.

आणि ते "ह्यांचीच इच्छा होती" तू कधीपासून म्हणायला लागलीस, तेही मी काल मोजून बघितलं. त्या अहवालानंतर. आधी नाही.

इनेका वाट बघत होती. म्हणाली, "कागद आता तुमच्या नावाने करायचा असेल तर तुमच्या तोंडून ऐकायला हवं. हेन्क इथे राहावा अशी तुमची इच्छा आहे का?"

मी म्हटलं, "आहे. पहिल्यापासून होती."

मिलिंदने हातातल्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, खोटं."

"खोटं नाही रे," मी म्हटलं. "जरा उशिरा बोललो, इतकंच."

त्याला काही कळलं नाही. तुला कळलं असेल.

तर ठरलंय असं. आठवड्यातून दोन सकाळी एक मदतनीस येणार, सहा महिन्यांनी इनेका परत बघणार, आणि मला जमेनासं झालं की मी लाज न धरता फोन करायचा. सायकलींच्या खोलीतून नाही, घरातून. सही मी मराठीत केली. चालते म्हणाली.

सहा वाजले तसे हेन्कने सगळ्यांना टेबलावर बसवलं. इनेकाने वरणभात दोनदा घेतला, आपलमूस घालून, कोणी आग्रह केला नाही तरी. जेवून ती हात पुसत मागे टेकली. हेन्क तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"ऊठ," म्हणाला. "ताट उचल."

तिने उचललं. मिलिंदनेही उचललं. सिंकपाशी रांग लागली होती, सुमे, आणि मी सगळ्यात मागे.

पताका आहेत अजून. हेन्क म्हणतो, आठवडाभर ठेवायच्या. आता हाक मारतोय, सहाला दहा कमी आहेत. आज मोहरी मी टाकायची आणि तो नुसता ऐकणार आहे.